बोअर युद्ध आणि तहाचें आठवें कलम

'बोअर' या डच शब्दाचा अर्थ शेतकरी. सन १६५२ मध्यें डच ईस्ट इंडिया कंपनीनें आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाजवळ एक ठाणें वसविलें. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना ताजें पाणी, मांस व भाजीपाला मिळावा, एवढाच कंपनीचा हेतु होता. राज्य करण्याचा नव्हता. परंतु ठाण्याला धान्य हवें म्हणून शेतकरी आले, शेतकऱ्यांना जमीन हवी म्हणून तेथील खोईखोई गुराख्यांचीं कुरणें गेलीं, आणि जमीन कसावयास माणसें हवींत म्हणून गुलाम आणले गेले. त्या गुलामांत हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून नेलेलीं माणसेंहि होतीं. डच, जर्मन आणि मागाहून आलेले फ्रेंच प्रॉटेस्टंट यांचे वंशज दीडशें वर्षांत एकजीव होऊन जी जमात बनली, तीच बोअरांची. घरांत बायबल, खांद्यावर बंदूक आणि दारापुढें कोसच्या कोस पसरलेलें माळरान, हें त्यांचें जग.

सन १८०६ मध्यें केप प्रांत कायमचा इंग्रजांच्या हातीं आला. हिंदुस्थानचा समुद्रमार्ग राखावयाचा तर हें टोंक आपल्या ताब्यांत हवें, असा त्यांचा हिशेब होता. १८३४ मध्यें इंग्रज सरकारनें गुलामांच्या मुक्ततेचा कायदा तेथें अमलांत आणला, आणि त्याच सुमारास हजारों बोअर कुटुंबें बैलगाड्यांत संसार भरून उत्तरेकडे चालूं लागलीं. या देशत्यागामागें स्वातंत्र्याची ओढ होती, तशीच गुलाम हातचे गेल्याची चीडहि होती. बोअरांचे अभिमानी इतिहासकार पहिली गोष्ट मोठ्यानें सांगतात, दुसरी हळूच. उत्तरेकडील मुलूख कांहीं ओसाड नव्हता. तेथील झुलू, सोथो, त्स्वाना इत्यादि लोकांशीं लढत, तह करीत व ते मोडीत बोअरांनीं दोन राज्यें उभारलीं: ट्रान्सव्हाल आणि ऑरेंज फ्री स्टेट. इंग्रजांनीं १८५२ व १८५४ मध्यें अनुक्रमें या दोन्ही राज्यांस मान्यता दिली; कारण त्या माळरानांत घेण्यासारखें कांहीं आहे असें त्यांना तेव्हां वाटत नव्हतें.

हें मत बदलावयास फार दिवस लागले नाहींत. १८६७ मध्यें त्या भागांत हिरे सांपडले. १८७७ मध्यें इंग्रजांनीं ट्रान्सव्हाल खालसा केलें. बोअर उठले, आणि २७ फेब्रुवारी १८८१ रोजीं मजुबाच्या टेंकडीवर इंग्रज फौजेचा असा पराभव झाला कीं ग्लॅडस्टनच्या सरकारला अंतर्गत स्वातंत्र्य परत द्यावें लागलें. पुढें पांचच वर्षांनीं, १८८६ मध्यें, विटवॉटर्सरँडच्या डोंगररांगेंत सोनें निघालें. जेथें गुरें चरत होतीं तेथें जोहान्सबर्ग शहर उभें राहिलें. आणि म्हातारा, हट्टी, शाळेंत फारसा न गेलेला अध्यक्ष पॉल क्रूगर पाहतां पाहतां जगांतील सर्वांत मोठ्या सुवर्णखाणींचा धनी झाला.

खाणींबरोबर परकीय आले, त्यांत बहुतेक इंग्रज. कर त्यांनीं भरावयाचा, पण मत द्यावयाचें नाहीं, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. मात्र ती तक्रार ज्यांनीं उचलून धरली त्यांच्या मनांत मताधिकारापेक्षां निराळेंच कांहीं होतें. १८९५ च्या डिसेंबरअखेर केपचा मुख्य प्रधान सेसिल ऱ्होड्स याच्या संगनमतानें डॉ. जेमसन यानें पांचशें स्वारांनिशीं ट्रान्सव्हालवर छापा घातला. तो पकडला गेला, ऱ्होड्सला प्रधानपद सोडावें लागलें, आणि बोअरांनीं जर्मनींतून बंदुका व फ्रान्स-जर्मनींतून तोफा मागविण्यास सुरुवात केली. १८९७ मध्यें आलेला इंग्रज हायकमिशनर सर आल्फ्रेड मिल्नर याला तडजोड नकोच होती. १८९९ च्या मे-जूनमध्यें ब्लूमफाँटेन येथें क्रूगर व मिल्नर समोरासमोर बसले. क्रूगरनें मताधिकाराची मुदत बरीच खालीं आणण्याची तयारी दाखविली, तरी बोलणें फिसकटलें. ९ ऑक्टोबरला बोअरांनीं निर्वाणीचा खलिता दिला व ११ ऑक्टोबर १८९९ रोजीं युद्ध सुरू झालें.

आरंभींचे कांहीं आठवडे साऱ्या जगानें तोंडांत बोट घातलें. लेडीस्मिथ, किंबर्ली व माफेकिंग या तीन शहरांना बोअरांचे वेढे पडले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत, १० ते १५ या सहा दिवसांत, स्टॉर्मबर्ग, माखर्सफाँटेन व कोलेन्झो येथें इंग्रजांचे लागोपाठ तीन पराभव झाले. कोलेन्झोस बोअरांनीं दहा तोफा पळविल्या. त्या तोफा सोडवावयास धांवलेल्यांत लॉर्ड रॉबर्ट्सचा एकुलता मुलगा होता. तो जखमी होऊन मेला, आणि त्याच सुमारास त्याच्या बापाची आफ्रिकेंतील सरसेनापति म्हणून नेमणूक झाली. गणवेष नसलेले, कवाईत न शिकलेले शेतकरी खंदकांत दडून दूरवरून नेम धरीत आणि जगांतील सर्वांत श्रीमंत साम्राज्याची पलटण उघड्या मैदानांत त्यांच्यापुढें चालत जाई.

हिंदुस्थानांत या बातम्या कोणत्या भावनेनें वाचल्या गेल्या असतील याची कल्पना करणें कठीण नाहीं. मूठभर शेतकऱ्यांनीं साम्राज्याला रोखलें, यांत जित राष्ट्राला समाधान वाटावें हें स्वाभाविकच होतें. ज्या महाराष्ट्रानें औरंगजेबाच्या अफाट फौजेला पंचवीस वर्षें झुलविलें, त्याला तर डी वेटच्या घोडदौडीची हकीकत परकी वाटण्याचें कारणच नव्हतें. पण प्रत्यक्ष आफ्रिकेंत राहणाऱ्या हिंदी माणसापुढें प्रश्न इतका सरळ नव्हता. याच बोअरांनीं १८८५ च्या तिसऱ्या कायद्यानें ट्रान्सव्हालमधील हिंदी लोकांना नागरिकत्व नाकारलें होतें, स्थावर मिळकत घेण्यास बंदी केली होती आणि त्यांच्यासाठीं गांवाबाहेर वेगळ्या वस्त्या नेमण्याची सोय करून ठेविली होती. इंग्रज मंत्री लॉर्ड लॅन्सडाउन यांनीं युद्ध सुरू झाल्यावर जाहीर भाषणांत, हिंदी प्रजाजनांना मिळणारी ही वागणूकहि आपल्या संतापाचें एक कारण आहे असें सांगितलें. नाताळच्या इंग्रज वसाहतींत हिंदी लोकांना मिळणारी वागणूक याहून फारशी निराळी नव्हती, हें सांगण्याचें मात्र त्यांच्या ध्यानीं राहिलें नाहीं.

नाताळांत तेव्हां बॅरिस्टर मोहनदास गांधी होते. आपली वैयक्तिक सहानुभूति बोअरांकडे होती असें त्यांनीं पुढें स्वतःच लिहून ठेविलें आहे. तथापि ब्रिटिश प्रजा म्हणून हक्क मागावयाचे तर प्रजेचें कर्तव्यहि केलें पाहिजे, या विचारानें त्यांनीं सुमारें ११०० हिंदी लोकांचें शुश्रूषापथक उभें केलें. त्यांत व्यापारी, कारकून होते तसे शेंकडों गिरमिटिये मजूरहि होते. कोलेन्झोच्या पराभवानंतर आणि १९०० च्या जानेवारींत स्पिऑन कॉपच्या भयंकर लढाईनंतर या लोकांनीं जखमींना डोलींत घालून दिवसांत वीस-पंचवीस मैल वाहून नेलें. लेडीस्मिथच्या वेढ्यांत प्रभुसिंग नांवाचा एक गिरमिटिया होता. शत्रूची तोफ पेटल्याची चमक दिसतांच घंटा वाजवून गांवाला सावध करावयाचें, हें काम त्यानें तोफेच्या टप्प्यांत बसून केलें. त्याच्या शौर्याबद्दल लेडी कर्झन यांनीं हिंदुस्थानांतून झगा पाठविला, आणि डर्बनच्या नगराध्यक्षांनीं तो जाहीर समारंभांत त्याला दिला.

रॉबर्ट्स व त्याचा साहाय्यक किचनेर आल्यावर युद्धाचें पारडें फिरलें. २७ फेब्रुवारी १९०० रोजीं, म्हणजे नेमक्या मजुबाच्या दिवशीं, सेनापति क्रोन्ये सुमारें चार हजार लोकांनिशीं शरण आला. दुसऱ्या दिवशीं लेडीस्मिथचा वेढा उठला. मार्चमध्यें ब्लूमफाँटेन पडलें, ५ जूनला प्रिटोरिया पडलें. क्रूगर पोर्तुगीज मुलुखांतून युरोपांत गेला. तो मायभूमीस परतला तो शवरूपानेंच. युद्ध संपलें असें लंडनला वाटलें, आणि वर्षअखेर रॉबर्ट्स किचनेरच्या हातीं कारभार देऊन विलायतेस निघून गेला.

युद्ध संपलें नव्हतें. बोथा, डी वेट, डी ला रे व बॅरिस्टरीचा धंदा सोडून आलेला तरुण यान स्मट्स यांनीं लहान लहान तुकड्या करून गनिमी कावा मांडला. आगगाडीचे रूळ उखडावे, रसद लुटावी आणि मोठी फौज येण्याच्या आंत नाहींसें व्हावें, हा त्यांचा क्रम. त्यांना अन्न, घोडे व बातमी मिळे ती शेतांवरच्या घरांतून. म्हणून रॉबर्ट्सच्या वेळींच सुरू झालेला घरें जाळण्याचा उद्योग किचनेरनें पद्धतशीर केला. सुमारें तीस हजार घरें जाळलीं गेलीं, पिकें तुडविलीं गेलीं, मेंढ्यांचे कळप मारून टाकले गेले. साऱ्या मुलुखावर कांटेरी तारांचें जाळें व त्यांत सुमारें आठ हजार लहान गढ्या अशी रचना करून फौजा शिकारीच्या हांक्याप्रमाणें बोअरांना त्या जाळ्याकडे रेटूं लागल्या.

घरें जळाल्यावर बायकामुलांचें काय करावयाचें? त्यांना तंबूंच्या छावण्यांत आणून कोंडण्यांत आलें, व या छावण्यांना सरकारी कागदांत 'निर्वासितांच्या छावण्या' असें सोज्वळ नांव मिळालें. १९०१ च्या जानेवारींत एमिली हॉबहाउस नांवाची एक इंग्रज बाई मदतीचें सामान घेऊन ब्लूमफाँटेनच्या छावणींत पोंचली. उघड्या माळावर तंबू, एकेका तंबूंत अनेक माणसें, पाणी मोजकें, सरपण अपुरें, साबण नाहींच. ज्यांचे पुरुष अजून लढत होते अशा कुटुंबांना प्रारंभीं शिधाहि कमी दिला जाई. गोंवर आला, विषमज्वर आला, आणि मुलें पटापट मरूं लागलीं. हॉबहाउसबाईंनीं इंग्लंडला परतून जें पाहिलें तें छापलें. तें ऐकून विरोधी पक्षाचे पुढारी कॅम्बेल-बॅनरमन यांनीं जून १९०१ मध्यें या पद्धति रानटी असल्याचें जाहीरपणें म्हटलें, व त्याबद्दल स्वपक्षीयांच्याहि शिव्या खाल्ल्या. बाई ऑक्टोबरांत पुन्हा केपटाउनला गेल्या तेव्हां त्यांना जहाजावरून उतरूंच दिलें नाहीं. बळजबरीनें दुसऱ्या जहाजावर चढवून परत धाडलें. त्याच महिन्यांत छावण्यांतील मृत्यूचें प्रमाण वार्षिक हजारीं ३४४ या आंकड्यास पोंचलें होतें.

सरकारनें नेमलेल्या मिलिसेंट फॉसेट यांच्या स्त्री-समितीनेंहि हॉबहाउसबाईंच्या बहुतेक तक्रारी खऱ्या ठरविल्या. पुढें छावण्यांचा कारभार लष्कराकडून मुलकी अधिकाऱ्यांकडे गेला, दाया आल्या, पाणी उकळूं लागलें, आणि कांहीं महिन्यांत मृत्यु झपाट्यानें घटले. म्हणजे जें कांहीं महिन्यांत थांबवितां आलें तें आधींहि थांबवितां आलें असतें. मुद्दाम मारण्याचा कट नव्हता, असें इंग्रजांचे कैवारी म्हणतात, व तें खरेंहि असेल. पण लाखावर माणसें एकत्र कोंडतांना तीं काय खातील व काय पितील याचा विचार न करणें हा अपराध कटापेक्षां लहान मानावयाचा काय? बोअरांच्या छावण्यांत एकूण सुमारें २८,००० जीव गेले. त्यांत सोळा वर्षांखालील मुलें २२,००० हून अधिक होतीं. दोन्ही बाजूंचे लढाईंत पडलेले एकत्र मोजले तरी तितके भरत नाहींत.

ही कथा जगाला ठाऊक झाली. हिच्या शेजारचीच दुसरी फार दिवस कोणी सांगितली नाहीं. जळालेल्या शेतांवर केवळ बोअर राहत नव्हते. त्यांचे काळे मजूर व कुळेंहि राहत होतीं, आणि त्यांचीहि घरें त्याच आगींत गेलीं. त्यांच्यासाठीं वेगळ्या छावण्या काढल्या, तेथें लाखाहून अधिक माणसें ठेविलीं, पुरुषांना लष्कराच्या मजुरीवर नेलें आणि बायकामुलांकडून पिकें काढून घेतलीं. तेथें नोंदलेले मृत्यु १४,००० वर आहेत. नोंद न झालेले धरून संख्या २०,००० च्या पुढें जाते असें अलीकडच्या संशोधकांचें मत आहे. त्यांच्या छावण्यांत हॉबहाउसबाई गेल्या नाहींत, आणि फॉसेटबाईंच्या समितीला त्या पाहण्याचें कामच दिलें नव्हतें.

हें गोऱ्यांचें गोऱ्यांशीं युद्ध आहे, असें दोन्ही पक्ष म्हणत. प्रत्यक्षांत इंग्रजांनीं सुमारें एक लाख काळ्या लोकांना गाडीवान, हेर, हमाल व पहारेकरी म्हणून कामास लावलें, आणि शेवटीं शेवटीं त्यांतील हजारोंच्या हातीं बंदुकाहि दिल्या. बोअरांबरोबरहि घोडे सांभाळणारे काळे नोकर होते. माफेकिंगच्या वेढ्यांत बारोलोंग लोक गोऱ्या नागरिकांबरोबर लढले व त्यांच्याहून अधिक उपाशी राहिले. तेथील न्यायालयांतील दुभाषी सॉल प्लाट्ये या काळ्या तरुणानें त्या दिवसांची रोजनिशी लिहिली आहे. विजय झाल्यास आपली स्थिति सुधारेल अशी या लोकांची आशा होती, आणि ती आशा इंग्रजांनींच लाविली होती. १९०१ च्या मार्चमध्यें किचनेर व बोथा यांच्यांत तहाचें बोलणें झालें तेव्हां वसाहतमंत्री चेंबरलेन यांनीं, काळ्या लोकांना युद्धापूर्वीच्या स्थितींत टाकून शांति विकत घेणें लाजिरवाणें होईल, असें स्पष्ट कळविलें होतें.

दरम्यान पकडलेले बोअर समुद्रापार धाडले जात होते. कांहीं सेंट हेलिना बेटावर गेले, कांहीं बर्म्युडास, कांहीं सिलोनांत. १९०१ पासून सुमारें नऊ हजार कैदी हिंदुस्थानांत आले. त्रिचनापल्ली, बेलारी, अंबाला यांप्रमाणें, आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगरासहि त्यांची छावणी होती. दख्खनच्या पठारावरील तें कोरडें ऊन त्यांना आपल्या माळरानासारखेंच वाटलें असावें. कांहींनीं इंग्लंडच्या राजाशीं राजनिष्ठेची शपथ घेण्यास युद्ध संपल्यावरहि नकार दिला आणि त्यामुळें त्यांना येथेंच अधिक काळ राहावें लागलें. पुढें चाळीस वर्षांनीं याच गांवच्या किल्ल्यांत पंडित नेहरू व त्यांचे सहकारी त्याच साम्राज्याचे बंदी होते.

१९०२ च्या मे महिन्यांत फेरीनिखिंग येथें बोअरांचे साठ प्रतिनिधि जमले. घोडे संपले होते, धान्य संपलें होतें. डिसेंबरपासून किचनेरनें बायकामुलांना छावण्यांत आणणें बंद करून त्यांचा भार लढणाऱ्यांवरच टाकला होता. आणखी एक भीति होती. ६ मे रोजीं होल्क्रान्स येथें, ज्यांचीं घरें जाळून गुरें नेलीं होतीं त्या झुलूंनीं रात्रीं हल्ला करून ५६ बोअर मारले. आजवर ज्यांना मोजलेंच नव्हतें तेहि आतां लढतील, ही धास्ती त्या सभेंत उघड बोलली गेली. ५४ विरुद्ध ६ मतांनीं तहाच्या अटी मान्य झाल्या, आणि ३१ मे १९०२ च्या रात्रीं अकराच्या सुमारास प्रिटोरियांतील मेलरोज हाउस या बंगल्यांत सह्या झाल्या.

तह उदार होता, असें बहुतेक इतिहासांत लिहिलेलें असतें. बोअरांनीं स्वातंत्र्य सोडलें खरें. पण त्यांना स्वराज्याचें वचन मिळालें, डच भाषेस शाळांत व न्यायालयांत जागा मिळाली, घरें पुन्हा उभारण्यास तीस लाख पौंड मिळाले. हें औदार्य कोणाच्या खर्चानें झालें तें आठव्या कलमांत पाहावें. एतद्देशीयांना स्वराज्य येईपर्यंत मताधिकार देऊं नये, असा मूळ मसुद्याचा आशय होता; म्हणजे स्वराज्याबरोबर तो येईल असा त्याचा अर्थ निघूं शकत होता. स्मट्सनें लेखणी घेऊन तो फिरविला: मताधिकार द्यावा कीं नाहीं, हा प्रश्नच स्वराज्य आल्याखेरीज ठरवावयाचा नाहीं. दिसावयास फरक चार शब्दांचा. परंतु स्वराज्य आल्यावर निर्णय करणारे गोरे मतदारच असणार, हें मिल्नरला व किचनेरला कळत नव्हतें असें नाहीं. वर्षापूर्वीं ज्याला लाजिरवाणी शांति म्हटलें होतें तिलाच इंग्लंडनें मान्यता दिली. पुढें मिल्नरनें या कलमाबद्दल खाजगी पत्रांत पश्चात्ताप व्यक्त केला. तोंवर त्याच्या हातीं कांहीं राहिलें नव्हतें.

हिंदी लोकांचा अनुभवहि याहून निराळा झाला नाहीं. १८८५ चा कायदा इंग्रज अंमलांत रद्द होईल असें ज्यांना वाटलें त्यांना १९०६ मध्यें बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्याचा नवा वटहुकूम पाहावयास मिळाला. त्याविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजीं जोहान्सबर्गच्या एम्पायर नाटकगृहांत जी सभा झाली तींतूनच सत्याग्रह जन्मला. विलायत सरकारनें तो वटहुकूम रोखला. परंतु ट्रान्सव्हालला स्वराज्य मिळतांच तेथील गोऱ्या विधिमंडळानें १९०७ मध्यें तोच कायदा करून टाकला, आणि १९०८ च्या जानेवारींत शुश्रूषापथकाचे पुढारी गांधी स्मट्स ज्या सरकारांत मंत्री होता त्याच सरकारच्या तुरुंगांत गेले. १९१४ मध्यें दोघांची तडजोड व्हावी म्हणून स्मट्सला पत्र लिहिणाऱ्यांत एमिली हॉबहाउस होत्या.

१९१० च्या ३१ मे रोजीं, म्हणजे तहाच्या बरोबर आठव्या वर्षदिनीं, चारहि वसाहतींचें संयुक्त राज्य झालें व बोथा त्याचा मुख्य प्रधान झाला. केपमध्यें मिळकतीच्या अटीवर काळ्यांना जुना मताधिकार होता तो तेवढा राहिला, पण त्यांच्यापैकीं कोणालाहि पार्लमेंटांत बसण्याची मुभा नव्हती. १९३६ मध्यें त्यांचीं नांवें सर्वसाधारण मतदारयादींतूनहि गेलीं. सर्वांना समान मत मिळण्यास १९९४ साल उजाडावें लागलें. १९१३ च्या जमीनकायद्यानें देशाच्या सुमारें सात टक्के भूमीबाहेर काळ्या माणसाला जमीन विकत घेण्यास मनाई झाली. त्याच वर्षीं डिसेंबरांत ब्लूमफाँटेन येथें छावण्यांत मेलेल्या बोअर स्त्रिया व मुलें यांच्या स्मारकाचें उद्घाटन झालें. १९२६ मध्यें हॉबहाउसबाई वारल्यावर त्यांची रक्षाहि तेथेंच ठेवण्यांत आली. काळ्यांच्या छावण्यांचा त्या स्मारकावर उल्लेख नव्हता.

माफेकिंगची रोजनिशी लिहिणारा सॉल प्लाट्ये आतां काळ्या लोकांच्या नव्या राष्ट्रीय संघाचा चिटणीस होता. १९१४ मध्यें तो शिष्टमंडळाबरोबर लंडनला गेला आणि ज्या साम्राज्यासाठीं आपले लोक वेढ्यांत उपाशी राहिले त्याच्या वसाहतमंत्र्यापुढें त्यानें जमीनकायद्याची तक्रार मांडली. मंत्र्यानें त्यांत हात घालण्याचें नाकारलें; तो प्रश्न दक्षिण आफ्रिकेच्या स्वतःच्या सरकारचा होता.